शोभाच्या चुलीवर मी घातलेला आळ

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. भावाला नाही, मुलीला नाही, आणि शोभाला, माझ्या बायकोला, तर नाहीच नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही आमच्या बहादरपुरात राहत नाही म्हणून असेल.

आधी आजाराचं सांगतो, ते सोपं आहे. गेल्या वर्षी केळीची कापणी चालू होती. एक घड उचलला आणि बांधापर्यंत पोचेतो श्वासच पुरेना. घड खाली ठेवून मटकन बसलो. मजूर बघत होते. आयुष्यभर हेच केलं मी — आणि आता एक घड झेपू नये?

बुऱ्हाणपूरच्या छातीच्या डॉक्टरांनी एका नळीत फुंकायला लावलं. "और ज़ोर से, दादा." मी सगळा जीव लावला. निघाली इतकीशी फुंकर! इतका संताप आला — त्या नळीचा, डॉक्टरांचा, स्वतःचा. ते म्हणाले, "फेफड़ों की पुरानी बीमारी है. ठीक नहीं होगी, संभालनी पड़ेगी." हे काय बोलणं झालं? ताप येतो, गोळी घेतो, उतरतो. बरा न होणारा आजार घेऊन माणसानं घरी काय जायचं?

मग त्यांनी विचारलं, "बीड़ी-सिगरेट?"

शोभा शेजारीच बसली होती. मी म्हणालो, "नहीं साहब."

खोटं. मिसरूड फुटल्यापासून बिडी ओढत होतो मी. पण शोभाचे वडील बिडीपायी खोकून खोकून गेले होते. मी तिला बघायला गेलो तेव्हा तिनं एकच गोष्ट विचारली होती, आणि तेव्हाही मी नाहीच म्हणालो होतो. मग काय — ओढायची ती शेतावर. मोटारीच्या पाण्यानं तोंड धुवायचं, लवंग चघळायची आणि घरी यायचं. तिला वास येत नसेल? येत असणार. पण तिच्या साडीलाच कायम लाकडाच्या धुराचा वास. त्यात माझा वेगळा कोण काढणार?

कारण शोभा मांडे करायची. पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर, खाली लाकडांचा जाळ. पुरण भरलेला कणकेचा गोळा दोन्ही हातांवर झेलत झेलत टॉवेलाएवढा करायची आणि अलगद खापरावर सोडायची. एक फाटायचा नाही. लोधीपुऱ्यातून, नेपानगरहून माणसं यायची. लग्न ठरलं की आधी शोभाची तारीख विचारायची, मग मंडपवाल्याची. मी शेतीत काय कमावतो ते गावाला ठाऊक होतं, पण गावाबाहेर मी 'मांडेवाल्या शोभाताईंचा नवरा' होतो. हे मला आवडायचं का? — खरं सांगू? नेहमी नाही.

तर डॉक्टरांनी पुढं विचारलं, "घर में चूल्हा जलता है?" शोभानंच सांगितलं, "हाँ, मैं मांडे बनाती हूँ." ते म्हणाले, "उस धुएँ से भी होता है."

मी गप्प बसलो. तिथं एक वाक्य बोलायचं होतं फक्त.

परतताना रिक्षात ती म्हणाली, "मले काय ठाऊक होतं हो?" मी बाहेर बघत राहिलो. दुसऱ्याच दिवशी तिनं चूल मागच्या अंगणात, पार कुंपणाजवळ नेली. आणि मी? एका खिशात डॉक्टरांनी दिलेला श्वासाचा पंप, दुसऱ्या खिशात बिडीचं बंडल घेऊन शेतावर जात होतो. पुढं सुटली बिडी. शरमेनं नाही, ओढवेनाच म्हणून.

घरी बसून मी नुसता धुमसायचो. पंप ओढा, दहापर्यंत श्वास धरा, चूळ भरा. "अहो, सावकाश." "अहो, जिना चढू नका." किती चीड यायची तिच्या त्या काळजीची! एका दुपारी केळीचा भाव विचारून चौकातून चालत आलो. दारात पोचतो तो गुडघ्यांवर हात टेकून उभा, तोंडानं हवा ओढतोय, आणि मागच्या अंगणातून शोभाच्या गाण्याचा आवाज. कुणाच्या तरी साखरपुड्याचे मांडे चालले होते. गातेय ही! मी मागं गेलो आणि म्हणालो,

"तुझ्या ह्याच धुरानं खाल्ली माझी छाती. आता जीव घेऊनच थांबशील का?"

तिच्या हातांवर मांडा होता. तो तसाच परातीत पडला. तिनं घमेल्यातलं पाणी जाळावर ओतलं. वाफेचा लोट आला, मला ठसका लागला, तर पदरानं वारा घालायलाही तीच धावली. ज्यांची ऑर्डर होती त्यांना तिनं हात जोडून परत पाठवलं. खापर कुणाला तरी देऊन टाकलं. मी अडवलं नाही.

तेव्हापासून तिनं मांडे केलेले नाहीत. गातही नाही फारशी. यंदा माझ्या पुतणीचं लग्न झालं, लोधीपुऱ्यात. मांडे बाहेरून आणले होते, वातड. पंगतीत बायका शोभाला म्हणाल्या, "घरचं लग्न असून तुम्ही नाही केले?" मी जवळच उभा होतो. शोभा सगळ्यांसमोर म्हणाली, "कोणत्या तोंडानं करू बाई? माझ्या हातानंच ह्यांची छाती गेली."

बायका तिची समजूत काढू लागल्या. एकीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. माझ्याकडे सगळ्यांनी दयेनं पाहिलं. "भाऊंना बसायला द्या रे," कुणीतरी ओरडलं, आणि पंख्यासमोर खुर्ची आली.

मी बसलो.