मंत्रीसाहेबांचे दोन थोरले भाऊ

अकलेचे तारे मी आयुष्यात पुष्कळ तोडलेत, पण सामोआच्या मंत्र्यापुढे जो तोडला त्याची सर कशालाच नाही. चहा घ्या, सांगतो. सामोआ कुठे आहे ते मात्र विचारू नका. पॅसिफिक महासागरात कुठेतरी नारळांनी भरलेली बेटं आहेत, एवढंच मला तेव्हा माहीत होतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी दुबईत, करामाला, सामंतसाहेबांच्या कंपनीत सेल्समन होतो. साहेब रत्नागिरीचे, धंदा खोबरेल तेल काढायच्या मशीनचा. माझं नवंनवं लग्न झालेलं आणि बायको तिकडे चिपळूणला. फॅमिली व्हिसासाठी माझा हुद्दा कमी पडत होता. त्यात आणखी एक भानगड. तिच्या पासपोर्टवर माहेरचं नाव सुमन, लग्नाच्या दाखल्यावर सासरचं वैशाली. व्हिसाचे अर्ज टाइप करणाऱ्या मल्याळी गृहस्थाला मी घसा कोरडा करून सांगायचो, "भाई, दो नहीं, एक ही औरत है." तो सहानुभूतीने मान हलवायचा आणि कागद परत द्यायचा.

तर सामोआहून आमच्याकडे अधूनमधून मशीनची चौकशी यायची. पहिला फॅक्स आला तो तोलुआ सियाकी नावाच्या विरोधी खासदाराचा. मग वर्षभराने लेउतावा सियाकीचा, हा सरकार पक्षातला. आणि आता कळलं, शेतीमंत्री सामाफेआ सियाकी स्वतः मशीन बघायला दुबईत येणार.

"अरे देसाई," साहेब म्हणाले, "दर वेळी नवा माणूस कसा रे? आधीचे दोघं गेले कुठे?"

मी कपाळावर हात मारला. तिघांचं आडनाव एकच! महाराष्ट्रातल्या माणसाला आणखी काय सांगायला हवं? थोरला विरोधी पक्षात सडला, मधल्याने पक्ष बदलून त्याला पाडलं आणि धाकट्याने मधल्याची खुर्ची ओढली. उघड उघड भाऊबंदकी! साहेबांना ते तिथल्या तिथे पटलं, कारण त्यांची स्वतःची सख्ख्या भावाशी हापूसच्या कलमांवरून कोर्टात केस चालू होती. म्हणाले, मंत्र्याला खूश ठेव. ऑर्डर मिळाली की तू सेल्स मॅनेजर आणि बायकोच्या व्हिसाचं काम खलास.

आता राजकारणी माणूस खूश कशाने होतो? त्याच्या आधीच्याला नावं ठेवली की. बरोबर ना?

मंत्री विमानतळावर उतरले. वर कोट, खाली लुंगीसारखं काहीतरी ऐटीत नेसलेलं, आणि देह असा की आमची गाडी एका बाजूला कलली. मी गाडी चालू केली आणि तोंडही.

"बरं झालं साहेब, तुम्ही मंत्री झालात. तो तोलुआ विधिमंडळात नुसता ओरडायचा म्हणे."

मंत्री जरा विचारात पडले. "हो," म्हणाले, "ओरडायचा खरा."

"आणि लेउतावाने खुर्चीसाठी पक्ष बदलला."

"गावानेच तसं सांगितलं होतं," ते पुटपुटले.

बघा, वैऱ्याची बाजू घेतात! केवढं मोठं मन! मी आणखी चेकाळलो. म्हटलं, काही झालं तरी सख्ख्या भावांनी असं वागू नये.

"मला भाऊ नाहीत," मंत्री म्हणाले. "सात बहिणी आहेत."

म्हणजे नातंच तोडलं होतं! मला भरून आलं. पुढे करामापर्यंत ते आरशातून माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्याकडे, आणि समोरच्याचं काय चाललंय ते दोघांनाही कळत नव्हतं.

जेवण एका मराठी खानावळीत ठेवलं होतं. मी हळूच साहेबांच्या कानात सांगितलं, प्रकरण फार पुढे गेलंय, हे भावांना भाऊसुद्धा मानत नाहीत. साहेब मुळात हळवे. हातात सोलकढीचा ग्लास घेऊन उभेच राहिले आणि ओल्या डोळ्यांनी म्हणाले, "मी उद्या माझ्या भावाला फोन करतो. तुम्हीही मोठ्या मनाने तोलुआला आणि लेउतावाला माफ करा."

मंत्र्यांनी आपला ग्लास खाली ठेवला. मग लहान मुलांना समजावतात तसं आम्हाला समजावलं. सियाकी हे आडनाव नव्हे, आईबापांनी ठेवलेलं नाव. त्याच्या आधी येते ती कुळाने दिलेली पदवी. मोठी पदवी मिळाली की माणूस त्या नव्या नावाने ओळखला जातो.

"म्हणजे तोलुआ?" मी विचारलं.

"मीच."

"आणि तो लेउतावा?"

"तोही मीच. पक्ष मात्र खरंच बदलला होता."

बायको डोळ्यांपुढे पुन्हा चिपळूणला जाऊन बसली. इतक्यात मंत्री हसायला लागले, आणि असे हसले की टेबलावरची सोलकढी सांडली. मशीन त्यांना आवडलं, ऑर्डरही दिली. अट एकच घातली: परत विमानतळावर सोडायला दुसरा कोणीतरी द्या.

साहेबांनी भावाला खरंच फोन केला. केस अजून चालू आहे, ते सोडा. मी मॅनेजर झालो, दोन्ही नावांची बाई एकच, असं प्रतिज्ञापत्र चिपळूणहून मागवलं, ते टायपिंगवाल्याला पटलं आणि बायको आली. शारजाला, रोल्ला भागातल्या आमच्या एका खोलीत पहिल्याच संध्याकाळी मी तिला हे सगळं रंगवून सांगितलं. म्हटलं, तूच सांग, नाव बदललं तरी माणूस तोच, हे मला कसं कळावं?

तिने चहा गाळला, कप माझ्यापुढे ठेवला आणि शांतपणे विचारलं,

"लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने माझं नवं नाव लिहिलंत, ते तुम्हीच ना? की तो तुमचा भाऊ होता?"