मोहल्ल्याची राय

निजामाच्या राज्यात आमच्या मोहल्ला कमिटीनं कामं फारशी केली नाहीत, किस्से मात्र ढीगभर केले. झालेलं काम लोक आठ दिवसांत विसरतात. घोटाळा झाला की जन्मभर सांगतात! परभणी जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावात मी मराठी शिकवणारा मास्तर. उर्दूही चौथीपर्यंत झालेली, म्हणून कमिटीचा सेक्रेटरी मीच. बलदिया, म्हणजे तेव्हाची नगरपालिका, उर्दूत बोलायची. मोहल्ला मराठीत ओरडायचा. मधे मी! कोणाचं काय चाललंय, ते निम्म्या वेळा मलाही कळायचं नाही.

*

कमिट्या निघाल्या त्या दवंडीनं. "हर मोहल्ला अपनी राय बलदिया को दे!"

धोंडीबा तेली घाणा सोडून बाहेर आला. "मास्तर, राई कशाला मागायलेत? आपल्याकडं करडई हाय, जवस हाय. राई कोण पेरतंय हितं?"

मी त्याला समजावलं की राय म्हणजे मत. त्यानं मान डोलावली. मला वाटलं, कळलं.

पहिल्या बैठकीला बलदियाचे मोहतमिम, म्हणजे सगळ्यात मोठे अंमलदार, जातीनं आले. धोंडीबानं त्यांच्यापुढे शेरभर राईचं गाठोडं ठेवलं आणि हात जोडले. "मोहल्ल्याची राई, साहेब! मत मागाहून देतो."

"बहुत खूब!" म्हणून साहेब गाठोडं घेऊन गेले. मताचं पुढे कुणी विचारलंच नाही.

*

अध्यक्ष कुणी व्हायचं, यावर घोडं अडलं. जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवायचा. शेवटी बाबाराव किराणावाले एकमतानं निवडून आले, कारण ते त्या दिवशी झरीला लग्नाला गेले होते!

परत आल्यावर आम्ही हार घेऊन दुकानी गेलो. बाबारावांनी अर्धं दार ओढून घेतलं आणि फटीतून विचारलं, "आरं, म्या काय गुन्हा केला?"

*

एकदा बलदियानं आम्हाला रस्त्यावरचा एक कंदील मंजूर केला. कुठं लावायचा, ते मोहल्ल्यानं सांगावं.

बाबाराव म्हणाले, दुकानापुढं. धोंडीबा म्हणाला, घाण्यापुढं. पुजाऱ्यांनी मारुतीचं नाव घेतलं, "देवाला कोण न्हाई म्हणतंय बघू!" तीन बैठका झाल्या, चहा संपला, जागा काही ठरेना. मी आपल्या तिन्ही जागा लिहून पाठवल्या.

कंदील लागला शेजारच्या मोहल्ल्यात!

मी तणतणत बलदियात गेलो. तिथला कारकून पान चघळत म्हणाला, "वहाँ कमिटी नहीं है, मास्टर. काम जल्दी होता है."

*

बायकांना कमिटीत जागा नव्हती. पण बैठक भरायची विहिरीच्या कट्ट्यावर, आणि तिथं बाया पाण्याला यायच्या. आमचं भाषण सुरू झालं की शेंदता शेंदता अंबूआक्का दुरुस्त्या करायची. तिचं घर विहिरीला लागूनच, आणि आवाज असा की साऱ्या गल्लीला ऐकू जावा.

एकदा साहेब वैतागले. "ये कौनसे मेंबर हैं?"

"मेंबर न्हाईत साहेब," बाबाराव घाबरून म्हणाले, "पाणी भरायल्यात."

"तो बीच में क्यों बोलते?"

"आमी न्हाई मधी आलो," अंबूआक्का म्हणाली, "तुमीच आमच्या पाण्याच्या मधी बसलात की!"

*

आणि त्याच विहिरीवर एक दिवस गदा आली. गावात मोटारी येणार, म्हणून रस्ता सरळ करायचा, विहीर बुजवायची. मोहल्ल्यात गोडं पाणी त्या एकाच विहिरीला. बाकी सगळ्या मचूळ. बलदिया म्हणाली, पुढं नळ देऊ.

"नळ कवा येईल ते सायबाला ठावं," अंबूआक्का म्हणाली. "आज रांजणात काय भरू?"

बाबाराव साहेबांना भेटायला गेले. आपण विहिरीसाठी जिवाचं रान केलं, हे सांगायचं होतं. म्हणाले, "साहब, कुएँ के वास्ते हमने शिकस्त की!"

उर्दूत शिकस्त म्हणजे हार. साहेब हळहळले. "अफसोस! तो फिर बात खतम."

बाबाराव पेढे घेऊनच परतले. "मास्तर, बात खतम म्हणले. विहीर वाचली!"

दुसऱ्या आठवड्यात हुकूम आला: विहीर बुजणार.

मग मात्र सगळे पेटले. धोंडीबा म्हणाला, "नावालाच राय इचारत असतील तर कशाला ऱ्हायचं? समद्यांनी राजीनामे देऊन टाकू!" मी उर्दूत, मोठ्या अक्षरात, एकच ओळ लिहिली. सगळ्यांनी सह्या-अंगठे केले. एवढं ठणकावून मी आयुष्यात कधी लिहिलं नव्हतं. खरंच सांगतो, छाती फुगली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुरुमानं भरलेल्या चार गाड्या विहिरीपाशी उभ्या! सोबत साहेब, हातात माझा कागद.

"वाह, मास्टर! क्या साफ लिखा है! 'कुएँ के बारे में हम सब मेंबर राजीनामा देते हैं.' पूरा मोहल्ला राजी! इतनी खुशी से आज तक कोई राजी नहीं हुआ."

बाबारावांनी माझ्याकडे पाहिलं. मी धोंडीबाकडे.

"साहेब, राजीनामा दिलाय आमी!" बाबाराव ओरडले. "राजीनामा!"

"हाँ हाँ, वही, राजी होने का कागज. शुक्रिया!"

पहिली गाडी रिकामी होऊ लागली. अंबूआक्का भरलेली कळशी कमरेवर घेऊन माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मास्तर," ती म्हणाली, "तुमच्या त्या उर्दूत 'न्हाई'ला काय म्हणत्यात वो?"