दवाखान्यातून निघताना

अकोल्याच्या दवाखान्यात बाबांच्या शेजारच्या खाटेवर एक म्हातारा होता. चार वाजता भेटणारे आत सोडायचे. त्याआधी तो केस विंचरून दाराकडे बघत बसायचा. त्याच्याकडे कुणीच यायचं नाही. मग तो आमचीच संत्री हळूहळू सोलून द्यायचा. त्या वासात, पंख्याच्या घरघरीत, पडद्यातून झिरपणाऱ्या पिवळ्या उन्हात अख्खा वॉर्ड तरंगत असल्यासारखा वाटायचा.

बाबांना सुट्टी मिळाली. निघताना सवयीनं ते त्याला म्हणाले, "येतो."

"दवाखान्यातून जातानी येतो म्हनत नाई, भाऊ," तो दटावत म्हणाला. "सरळ जा. मांगं पाहू नका."

दारातून मी मागे पाहिलंच. चार वाजत आले होते. तो केस विंचरत होता, आणि मला फार वाटलं, ओरडून त्याला सांगावं, येतो.