घरचं इंग्रजी

"युवर डोसा इज हियरबाय अप्रूव्ह्ड." सेलूच्या आमच्या गल्लीतले बडे बाबू पहिला घास गिळून नव्या सुनेला हे म्हणाले, तेव्हा मी शेजारीच जेवत होतो. सून नवऱ्याकडे पाहू लागली.

सून केरळची, मुलगा नोकरीला बंगळुरूला; लग्नानंतर दोघं पहिल्यांदाच काही दिवस राहायला आली होती. तिला मराठी येत नव्हतं, बाबूंना मल्याळम. उरलं इंग्रजी. बाबू हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. त्यांचं इंग्रजी उभी नोकरी फायलीत राहिलेलं. असं इंग्रजी तुम्हीही ऐकलं असेल. त्यात माणूस रागावलाय की खूश आहे, ते कळत नाही.

दुसऱ्या दिवशी मीठ कमी पडलं. "द मॅटर ऑफ सॉल्ट मे बी लुक्ड इनटू," बाबू म्हणाले. त्यानंतर सून ताट ठेवायची आणि आत निघून जायची. शेवटी मुलानेच विचारलं, "बाबा, तिच्यावर काऊन चिडून राह्यले? दिवाळीले येत नाई म्हणते ते."

बाबू तडक माझ्याकडे आले. मी वर्तमानपत्रात कामाला, म्हणून मला सगळं येतं, असं गल्लीचं मत.

"मले घरचं इंग्रजी शिकव. हाफिसचं पुरे झालं."

मी 'वॉव'पासून सुरुवात केली. त्यांनी ते अनुक्रमांक घालून वहीत लिहिलं.

"वॉव मॅडम म्हणू?"

"नुसतं वॉव. सूनच आहे तुमची."

सराव भाजीबाजारात झाला. वांग्यांचा भाव ऐकून बाबू "वॉव!" म्हणाले. भाजीवालीने वांगी खाली ठेवली. "काय झालं जी बाबू? चक्कर आली का?"

मुलगा-सून निघण्याच्या दिवशी बाबूंनी मला साक्षीला बसवलं. सुनेने रस्सा वाढला. बाबूंनी चाखला, उभे राहिले आणि दोन्ही हात पसरून "वॉव!" म्हणाले. वाटी उडाली. रस्सा भिंतीवर, फरशीवर आणि माझ्या सदऱ्यावर.

"बाबा! व्हॉट आर यू डूइंग? सिट डाऊन!" सून ओरडली. पुढची दोन वाक्यं मल्याळममध्ये होती; ती कोणाला कळायची गरज नव्हती. मग तिने जीभ चावली. मुलगा घाबरून उठला.

बाबूंचा चेहरा उजळला होता. "ऐकलं का? ओरडली मले! घरच्यावानी ओरडली!"

मुलाने ते तिला इंग्रजीत सांगितलं. तिने हसू दाबत बाबूंच्या हातात फडकं दिलं आणि फरशीकडे बोट दाखवलं. शिपायाशिवाय कधी फाईल न उचललेले बडे बाबू खाली बसून पुसू लागले.

दिवाळीला सून आली नाही. तिने बाबूंचंच बंगळुरूचं तिकीट काढून पाठवलं. त्यांच्या घराला अजून कुलूप आहे.