वादळ आलं तरी पाळी

वादळ कोकणातून घाट चढून इकडे येणार, असं ओरडत स्पीकर लावलेला टेम्पो गावातून फिरला, तेव्हा आधी सगळे हसले. समुद्र कुठं आणि भाटघर कुठं! मग सकाळीच मोबाईलवर किनाऱ्यावरचे, आडव्या पडलेल्या नारळांचे व्हिडिओ यायला लागले आणि जो तो आपापल्या घरावर चढला.

आमचं घर एकच, पण मधोमध भिंत. अलीकडे आम्ही, पलीकडे धाकटे दीर. आम्ही आमच्या बाजूला स्लॅब टाकला होता, त्यांच्याकडे अजून पत्रे होते. भावाभावांचं बोलणं कधीच बंद झालेलं. सामाईक अशी एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे त्यांची आई. कमरेचं हाड मोडल्यापासून सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, खाटेवरच होत्या. त्यांना सांभाळायची पाळी ठरली होती, महिना आमचा, महिना दिरांचा. तो महिना दिरांचा होता.

दीर पत्र्यावर दगड रचत होते, वाशांना दोर आवळत होते. जाऊ भाताचं बियाणं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळत होती. बियाण्याची तेवढी काळजी होती! मी नवऱ्याला म्हटलं, "आत्यांना आपल्या स्लॅबखाली आणूया."

तो खिडकीच्या फटीत गोणपाट कोंबत होता. मागे न बघता म्हणाला, "पाळी त्याची हाय."

"वादळाला पाळी कळती व्हय?"

"एकदा आणली की त्यो परत घेनार न्हाई. तुला ठावं न्हाई."

मी तशीच पलीकडे गेले. दीर वरूनच म्हणाले, "न्या की वहिनी. पर मग ह्यो महिना तुमच्यात धरायचा."

मला किळस आली. त्याच पत्र्याखाली त्यांची आई सगळं ऐकत पडली होती. मी जावेला म्हटलं, "धर खाट." तिने बियाणं बाजूला ठेवलं आणि दुसरी बाजू उचलली. आम्हाला येताना बघून नवरा गोठ्याकडे निघून गेला.

दुपारनंतर दिरांचे पत्रे दगडांसकट उडाले आणि खालच्या खाचरात जाऊन पडले. खाट होती तिथं मोडका वासा कोसळला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याने गोठ्यावरची ताडपत्री सोडली आणि तो दिरांच्या घरावर चढला. एकमेकांचं तोंडही न बघणारे दोघे दोर फेकत होते, गाठी मारत होते, "ओढ, अजून ओढ" म्हणत होते. शेजारच्या काकू डोळे पुसत म्हणाल्या, "बगा, वादळानं भाव एक केलं." खरं कारण मला ठाऊक होतं. वर आडोसा झाल्याशिवाय आईला परत पाठवता येणार नव्हतं, म्हणून ही घाई होती. दुपारी त्या दोघांना एका पंगतीत वाढताना मला त्यांच्या ताटाकडे बघवेना.

संध्याकाळी दोघांनी मिळून खाट पलीकडे नेली. मी मागोमाग उशी घेऊन गेले. ताडपत्रीच्या कडेने पाणी टपकत होतं.

सासूबाईंनी माझा हात धरला. "त्याचा महिना संपला का गं?"

"न्हाई, आत्या."

"मग बराबर हाय," त्या म्हणाल्या, आणि ओलं लागू नये म्हणून त्यांनी पदर तोंडावर ओढून घेतला.