आंब्याखालचा पाया

शपथेवर सांगतो, यातला शब्दन्‌शब्द खरा आहे. एक किस्सा सोडून. बरं, अर्धा सोडून.

रोलरचा वेग माणसाच्या चालण्याइतका. दिवसभर पुढं-मागं करताना दिसू नये ते सगळं दिसतं, त्यामुळे रोलरवाल्याकडे किस्से साठतात आणि पोटात आगही साठते. पोलादपूरच्या वर आमच्या वाडीपर्यंत काँक्रीटचा रस्ता झाला, तेव्हा खालचा पाया दाबायचं काम माझ्याकडं होतं. तिथले हे.

*

कंत्राटदाराचा सुपरवायझर बबन. पायात पांढरे बूट. काम संपेपर्यंत ते पांढरेच राहिले, यावरून काय ते ओळखा.

वाडीतल्या तात्यांनी त्याला विचारलं, "काँक्रीटच्या खाली काय घालता रे?"

"मुरूम, खडी. सगळं कागदावर आहे, तात्या."

"कागदावर नको घालू. जमिनीवर घाल."

बबन हसला. त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं, पण मी फिरवला तो रोलरच.

*

मुरूम ओला करून दाबला तर बसतो. कोरडा दाबला की नुसता धुरळा. म्हणून टँकर यायचा. बबन मोबाईल काढायचा, पाणी सुटायचं, फोटो निघायचे, पाणी बंद.

मी टँकरवाल्यावर ओरडलो, "अरे, पुढचं कोरडंच राहिलं की!"

तो म्हणाला, "काका, फोटोत एवढंच मावतं."

*

तपासणीचे साहेब दर मंगळवारी महाडहून जीपनं यायचे. त्यांची टेस्ट सोपी. वीतभर खड्डा खणायचा, निघालेला मुरूम तोलायचा, खड्ड्यात मोजून वाळू ओतायची. पाया किती दाबलाय ते कळतं.

पण साहेब खड्डा खणायचे कुठं? जीप थांबेल तिथं. जीप थांबायची चहाशी, आणि आमच्या इंदूवयनीची चहाची हातगाडी असायची आंब्याखाली. सावली, चहा, खड्डा, पास!

हे बबननं पहिल्याच आठवड्यात हेरलं. "काका, आंब्याखाली वीस फेऱ्या मारा. पुढं दोन पुरे."

तेवढा पाया असा बसलाय, त्यावर रायगडाचा बुरूज उभा करा. बाकीचा वाडीला. तिथं माणसंच राहतात ना फक्त.

*

वाडीच्या अलीकडं झऱ्याचं वळण आहे. तिथली माती भर मे महिन्यातही ओली. जुना डांबरी रस्ता दर पावसात तिथंच खचायचा. वयनीचा नवरा एमआयडीसीत पहिल्या शिफ्टला निघाला होता, मोटरसायकल त्या खचलेल्या कडेवरून गेली. मांडीचं हाड मोडलं, नोकरी गेली. वयनी चहा विकायला लागली ती तेव्हापासून.

बबननं त्या चिकणमातीवर सरळ मुरूम ओतला. रोलर चढवला तर जमीन गादीसारखी हलली.

"बबन, खाली चिकण हाय. ती काढून दगड भर, पाण्याला पाईप दे. नायतर काँक्रीट पण तुटंल."

"काका, तुम्ही ड्रायव्हर ना?"

"हो."

"मग चालवा."

चालवला. अजून आठवलं की स्वतःच्या कानाखाली मारावीशी वाटते.

*

मग मला एक युक्ती सुचली. वयनीला म्हटलं, "वयनी, दर सोमवारी गाडी जरा पुढं न्या."

पहिल्या मंगळवारी ती दोनशे पावलं पुढं. जीप तिथं, खड्डा तिथं, टेस्ट फेल. तेवढा तुकडा उकरून पुन्हा दाबायला लागला. दुसऱ्या मंगळवारी आणखी पुढं. फेल.

बबन गोड आवाजात म्हणाला, "वयनी, आंब्याखाली सावली किती छान होती."

"माझ्याकडं छत्री हाय."

हाकलणार कसा? साहेबांचा चहा होता तो. तिसऱ्या आठवड्यापासून गाडी कुठं थांबेल याचा भरवसा नाही म्हणून टँकर सगळीकडं पाणी मारायला लागला. फोटोशिवाय.

*

चौथ्या मंगळवारी गाडी झऱ्याच्या वळणावर.

"इथं चिखलात कुठं, वयनी?" बबनचा आवाज पातळ झाला होता.

तिनं स्टोव्ह पेटवला. साहेब आले, स्टुलावर बसले. त्यांच्या माणसानं खड्डा खणला आणि मुरूम तोलायला वळला. वाळू घेऊन परत येतो तर खड्डा पाण्यानं भरलेला.

साहेबांनी खड्ड्याकडं पाहिलं, मग बबनच्या पांढऱ्या बुटांकडं. "इथं पाणी कुठून आलं?"

वयनी चहा गाळत म्हणाली, "ते पहिल्यापासनं हाय, साहेब. म्हणून तर चहा घेऊन हितं आले."

आठवडाभर तिथं खोदकाम चाललं. चिकण कमरेइतकी खोल निघाली. दगड भरले, पाईप टाकला, मगच काँक्रीट पडलं.

*

आता खोटं काय ते सांगतो. युक्ती मला सुचली नव्हती. वयनीनं मला विचारलंसुद्धा नव्हतं. पहिल्या सोमवारी ती गाडी ढकलत निघाली, तेव्हा मी आंब्याखाली विसावी फेरी मारत होतो.

"भावजी, बाजूला घ्या," एवढंच म्हणाली.

मी घेतला.