हाताला मुंग्या, पानावर मुंग्या: रायपूर ते जगदलपूर

बाईकनं समुद्र बघायला जातो, असं मी जाहीर केलं तेव्हा बाबांनी डोळ्यावरचं भिंगसुद्धा काढलं नाही. सदर बाजारात आमचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. मी तिथं त्यांच्या शेजारी बसतो, म्हणजे बसायला हवं.

"भिलाईले जाऊन आला तरी तुझे हात सुन्न होऊन राहिले. कोकणापर्यंत काय दातानं क्लच दाबशील?"

"चार दिवसांत पोचतो, बाबा."

"तू? चहा आणाले गेला तर दोन घंट्यानं येतो. पहिले जगदलपूरले जाऊन ये. हात ठीक राहिले तर समुद्राचं बोलू. अन् खोटं नको सांगू मले."

मग ठरवलं, दाखवूनच देतो. तीनशे किलोमीटर, एका दमात, कुठंही रेंगाळायचं नाही. हादरे लागू नयेत म्हणून दोन हातमोजे एकावर एक चढवले. (तुम्ही हे करू नका. मोजा जितका जाड, तितकी मूठ जास्त आवळावी लागते.)

पहाटे साडेपाचला निघालो. धमतरीला गरम वड्यांचा वास आला, मी हेल्मेटची काच खाली केली. चारामाला एक माणूस सायकलवर चार खुर्च्या आणि एक बकरी घेऊन चालला होता. जीव तळमळला, पण थांबलो नाही. कांकेरच्या पुढे डाव्या हाताची करंगळी गेली. मग शेजारचं बोट. केशकालच्या घाटात तर क्लच दाबला गेला की नाही, ते गाडीच्या आवाजावरून ओळखायची वेळ आली. एका वळणावर गिअर पडलाच नाही, समोर ट्रक. कसाबसा कडेला झालो.

"जीना है कि नहीं, भैया?" ट्रकवाला ओरडला.

जगायचं होतंच. पण समुद्र गेला, हे तिथंच कळलं.

कोंडागावच्या पुढे रस्त्यालगत आठवडी बाजार भरला होता. थांबलो, मोजे दातांनी ओढून काढले. पानांचे द्रोण मांडून बसलेल्या एका बाईनं विचारलं, "क्या हुआ?"

आता आम्ही रायपूरचे मराठी लोक, मराठीतलं वाक्य आहे तसं उचलून हिंदीत ठेवतो. म्हटलं, "दीदी, हाथ में चींटियाँ आ गई हैं. बहुत सारी."

बाईचा चेहरा उजळला. "लाल वाली? कौन से पेड़ पर मिलीं?" तिनं माझा मोजा उलटा करून झटकला. मग शेजारच्या भाजीवालीला म्हणाली, "एक भी नहीं है. शहर वाले फेंकते बहुत हैं."

तेव्हा माझं लक्ष तिच्या द्रोणांकडे गेलं. त्यात खरोखरच्या मुंग्या होत्या. चापडा, म्हणजे लाल मुंग्यांची चटणी!

"चींटी नहीं, दीदी. हाथ को पता ही नहीं चल रहा कि वो हाथ है."

"अच्छा, झुनझुनी!" ती इतकी हसली की भाजीवाली पण उठून आली. मग तिनं माझा तळवा उलगडून त्यावरचे हँडलचे वळ पाहिले. "गाड़ी चलाता है कि मुर्गी पकड़ता है? ढीला पकड़. भागेगी नहीं."

वीस रुपयांची चटणी घेतली. आंबट अशी की कान हलले. अर्धा तास बाजारात भटकलो आणि बोटं एकेक करून परत आली, करंगळी सगळ्यात शेवटी, रुसल्यासारखी.

जगदलपूरला बस स्टँडजवळ आठशेत खोली मिळाली. दुसऱ्या दिवशी चित्रकोटचा धबधबा पाहिला. फार मोठा आहे, नक्की जा.

तिसऱ्या दिवशी परत येताना मूठ सैल, कोपरं वाकलेली, गुडघे टाकीला टेकवलेले. आणि स्वभावालाही मोकळं सोडलं. दर चाळीसेक किलोमीटरला काही ना काही दिसलंच. घाटात माकडांशी भांडलो, एका गावात बोअरवेल खोदताना पाहत तासभर उभा राहिलो, धमतरीला वडे खाल्ले, दोनदा. जाताना सात तास लागले होते, येताना अकरा. पेट्रोल दोन्ही वेळचं मिळून पंधराशेचं.

संध्याकाळी थेट दुकानात गेलो.

"झाले ना हात सुन्न?"

"जाताना झाले. घाटात क्लचही कळला नाही." एवढं बोलून मी मनातल्या मनात समुद्राला नमस्कार करून टाकला.

"अन् येताना?"

"करंगळी, थोडीशी. पार शेवटी, कुरूदनंतर."

"इतकंच काहून बरं?"

"थांबत थांबत आलो म्हणून."

लेडीज घड्याळाचा मोहरीएवढा स्क्रू बाबांनी काचेवर टाकला, चिमटा माझ्या हातात दिला. "उचल."

पहिल्यांदा निसटला. दुसऱ्यांदा उचलला.

"चार दिवसांत नाही जायचं," बाबा म्हणाले.

"मग?"

"आठ घे. अन् जिथं जिथं उगाच थांबशील, तिथून मले फोन कर."